एका दिवसाचं वर्षावन: क्वालालंपूरहून जंगलात जाताना

क्वालालंपूरला जाणाऱ्या मराठी पर्यटकाचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो. पेट्रोनासचे जुळे मनोरे, बाटू केव्हजच्या रंगीत पायऱ्या, गेंटिंगची केबल कार आणि उरलेला दिवस खरेदीला. हा उरलेला दिवस जंगलात घालवावा असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासमोर लगेच 'तामान नगारा, एका दिवसात' असं पत्रक येतं. सकाळी सातला हॉटेलवरून न्यायचं, रात्री नऊच्या आत परत आणून सोडायचं; मध्ये झुलता पूल, होडी, आदिवासी वस्ती आणि जेवण. कल्पना मोहात पाडणारी आहे. पण पैसे भरण्याआधी एक साधा हिशेब करा: गाडीत किती तास आणि झाडांखाली किती?

तामान नगारा हे मलेशियाच्या द्वीपकल्पातलं सर्वांत मोठं राष्ट्रीय उद्यान. पहांग, कलंतान आणि तरंगानू या तीन राज्यांत मिळून ४,३४३ चौरस किलोमीटर पसरलेलं. इंग्रजांच्या काळात, १९३०च्या दशकाच्या शेवटी, त्याला पंचम जॉर्जचं नाव देऊन संरक्षण मिळालं; आजचं नाव स्वातंत्र्यानंतरचं. द्वीपकल्पातला सर्वांत उंच डोंगर, २,१८७ मीटरचा गुनुंग ताहान, याच जंगलात आहे. पत्रकात 'तेरा कोटी वर्षांचं जंगल' असं छापलेलं असतं. हिमयुगांत उत्तरेकडची जंगलं मागे हटली, हा पट्टा मात्र उष्ण आणि ओला राहिला, त्यामुळे तो फार प्राचीन मानला जातो एवढा त्याचा अर्थ घ्या. समोरचं झाड तेवढं म्हातारं नसतं.

आता हिशेब. क्वालालंपूरहून जरांतुत गावापर्यंत साधारण तीन तास. तिथून उद्यानाच्या दारातल्या क्वाला ताहान गावी आणखी तास-सव्वा तास. गावात पोचायला साडेअकरा वाजतात. प्रवेशाचा परवाना, स्वच्छतागृह, नदीवरच्या तरंगत्या उपाहारगृहात जेवण यात तास जातो. मग होडीने नदी ओलांडून उद्यानात शिरायचं आणि चार-साडेचारला परतीची गाडी धरायची. म्हणजे आठ-नऊ तासांचा प्रवास आणि जंगल जेमतेम तीन-साडेतीन तास, तेही भर दुपारी. वर्षावनातली दुपार ही सगळ्यात मुकी वेळ. पक्षी गप्प, माकडं सावलीला, जमिनीवरचे प्राणी कुठे दडलेले असतात ते त्यांनाच ठाऊक. जंगल जागं असतं ते पहाटे आणि संध्याकाळी, आणि नेमक्या त्या दोन्ही वेळा दिवसाचा पाहुणा हमरस्त्यावर असतो.

क्वाला तंबलिंग धक्क्यावरून लाकडी होडीने नदीतून वर जायचं, हा जुना मार्ग फार सुंदर आहे. पण प्रवाहाविरुद्ध त्याला अडीच-तीन तास लागतात. एका दिवसाच्या सहलीत कोणी हे कबूल करत असेल, तर जंगलासाठी काय शिल्लक राहतं ते त्यालाच विचारा.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. हातात एकच दिवस असेल तर तामान नगारा सोडा आणि केपोंगला जा. तामान नगारासाठी किमान एक रात्र काढा. ती रात्र जमत नसेल आणि तरी जायचंच असेल, तर काय सांभाळायचं तेही पुढे आहे.

केपोंग हे शहराच्या वायव्येला, मध्यभागापासून १६ किलोमीटरवर. मलेशियाच्या वनसंशोधन संस्थेचं आवार तिथे आहे. सगळे तिला 'फ्रिम' म्हणतात, टॅक्सीवाल्यालाही तेच सांगा. बाटू केव्हजही शहराच्या याच अंगाला आहेत, त्यामुळे सकाळ जंगलात आणि दुपारनंतर पायऱ्या असा बेत जमतो. या जंगलाची गंमत अशी की ते माणसांनी लावलेलं आहे. १९२०च्या दशकात इथे कथिलाच्या खाणींनी उकरलेली, भाजीच्या मळ्यांनी थकवलेली ओसाड जमीन होती. ब्रिटिश वसाहतीच्या वनखात्याने तिथे संशोधनासाठी देशी झाडं लावायला सुरुवात केली. शंभर वर्षांच्या आत तिथे उंच, गच्च, आपोआप वाढणारं वर्षावन उभं राहिलं. पॅरिसमध्ये जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा समितीचं जे अधिवेशन झालं, त्यात हे जंगल वारसायादीत आलं. त्याच अधिवेशनात शिवकालीन बारा किल्ल्यांची नावं यादीत लागली, त्यामुळे त्या आठवड्यात आपल्याकडे ही दुसरी बातमी वाचायला कोणाला सवड नव्हती.

लावलेलं जंगल म्हणून नाक मुरडू नका. नवख्या माणसाला इथे जे शिकायला मिळतं ते अस्सल जंगलातही चटकन मिळत नाही, कारण कोणतं झाड कुठलं आणि कधी लावलं याची नोंद असते आणि वाटा नीट आखलेल्या असतात. इथलं सर्वांत प्रसिद्ध दृश्य कपूर नावाच्या झाडांच्या राईत आहे. खाली उभं राहून सरळ वर बघायचं. एका झाडाचा शेंडा शेजारच्याला कुठेच टेकत नाही. प्रत्येक दोन झाडांमध्ये आकाशाची एक अरुंद रेघ राहते आणि सगळं छत आटलेल्या तळ्याच्या भेगाळ मातीसारखं दिसतं. झाडं एकमेकांपासून अशी अंगचोरी का करतात यावर एकमत नाही. वाऱ्याने फांद्या घासून कोंब मोडतात असं काहींचं म्हणणं. इथेच काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रान्सिस एन्ग यांनी १९७०च्या दशकात वेगळं निरीक्षण मांडलं: घासल्याच्या खुणा सापडत नाहीत, बहुधा वाढते कोंब शेजाऱ्याची सावली जाणवली की थांबतात. गाईडला यावर बोलतं करा. चांगला गाईड दोन्ही बाजू सांगेल.

आणि हे झाड आपल्याला परकं नाही. भीमसेनी कापूर मूळचा याच झाडाचा. सुमात्रा, बोर्निओ आणि मलायाच्या जंगलांत जुन्या खोडांच्या आतल्या फटींत तो स्फटिक होऊन साठायचा आणि व्यापाऱ्यांच्या गलबतांतून हिंदुस्थानात यायचा. देवघरात आपण रोज जाळतो तो स्वस्त कापूर आता टर्पेंटाइनपासून तयार होतो. केपोंगला खाली पडलेलं पान गाईडकडून मागून घ्या आणि चुरगाळून हुंगा. झाडावरचं तोडू नका.

फ्रिमला जायचं तर सकाळी, अगदी सकाळी. मलेशियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे आणि सूर्य सातच्या आगेमागे उगवतो. साडेसातला वाटेवर असलात तर पक्ष्यांचा गलबला ऐकू येतो आणि दुपारच्या वादळी पावसाआधी बाहेर पडता येतं. नुकतेच भारतातून आलेले असाल तर शरीराच्या हिशेबाने तेव्हा पहाटेचे पाच वाजलेले असतात, म्हणून ही सहल पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवू नका. गाईड हवा असेल तर संस्थेकडे काही दिवस आधी नोंदणी करा. दारात जाऊन ऐनवेळी मिळेलच असं नाही. परतीच्या गाडीची सोयही सकाळीच करून ठेवावी.

सोबत फार लहान मुलं किंवा गुडघेदुखी असलेले आजी-आजोबा असतील तर केपोंगचीही घाई नको. शहराच्या मध्यभागी, केएल टॉवरच्या पायथ्याशी बुकित नानासचं राखीव जंगल आहे. १९०६ मध्ये राखीव झालेलं, आता जेमतेम नऊ-दहा हेक्टर उरलेलं. तासाभरात फिरून होतं. तिथला दमटपणा सोसला, तर पुढच्या जंगलाचा विचार करावा.

आता गाईडविषयी, कारण सगळी सहल त्याच्यावर अवलंबून आहे. मलेशियात गाईडला पर्यटन मंत्रालयाचा परवाना लागतो आणि तो गळ्यात दिसतो. निळा बिल्ला शहर आणि देशभरच्या पर्यटनस्थळांचा, हिरवा बिल्ला निसर्गाचा आणि ठरावीक भागाचा. टूर ठरवताना थेट विचारा: जंगलात आमच्याबरोबर हिरव्या बिल्ल्याचा माणूस असेल का? पुष्कळदा पत्रकात 'गाईडसह' लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात गाडीचा चालकच तुम्हाला उद्यानाच्या दारात सोडून 'चारला या' म्हणतो. म्हणून चालक आणि गाईड वेगळे आहेत ना, याची खात्री लेखी करून घ्या. दुसरा प्रश्न गटाचा. एका गाईडमागे आठ-दहा माणसांपर्यंत ठीक. वीस जणांच्या रांगेत शेवटच्याला फक्त पुढच्याची पाठ दिसते. तिसरा प्रश्न पावसाचा: नदी चढली किंवा वादळ झालं तर काय रद्द होतं आणि किती पैसे परत मिळतात? चौथा झुलत्या पुलाचा. तामान नगाराचा दोर-फळ्यांचा पूल पाचशे मीटरच्या आसपास लांब आणि चाळीस मीटर उंचीवरचा म्हणून गाजलेला आहे, पण असे पूल दुरुस्तीसाठी, पडलेल्या झाडांमुळे कधी अर्धे, कधी पूर्ण बंद असतात. फ्रिमच्या उंच मार्गालाही हेच लागू. मुलांना वचन देण्याआधी त्या आठवड्यात तो उघडा आहे का ते विचारा.

जंगलात शिरल्यावर गाईडच्या लगेच मागे चाला आणि त्याची गती कमी ठेवा. हे तुमच्या हातात आहे. लोक घाई करत नाहीत असं दिसलं की तोही रमतो. आपल्याकडे ताडोबाच्या सफारीची सवय झालेले लोक 'काय दिसलं?' याचं उत्तर जनावरांच्या नावांत देतात. इथे ते विसरा. मलेशियातल्या रानटी वाघांची संख्या दीडशेच्या खाली गेली आहे. दिवसभरात त्याचा ठसा दिसला तरी नशीब. टापीर निशाचर. दिसेल ते साधं असेल: घोरपडीचा थोराड भाऊबंद, माकडं, डोक्यावरून पंख वाजवत जाणारा धनेश, मुंग्यांची रांग. खरा नायक झाडं आहेत. बुंध्याशी माणसाच्या उंचीची चपटी मुळं का पसरली आहेत ते विचारा (माती उथळ, खत वरच्या थरातच, मग उंच झाडाला आधार रुंदीतूनच मिळवावा लागतो). दुसऱ्या झाडाला वेढून त्याचा श्वास कोंडणारा उंबराच्या कुळातला वृक्ष दाखवायला सांगा. आणि तुआलांग सापडला तर मान मोडेपर्यंत वर बघा. हे झाड ऐंशी मीटरपर्यंत जातं, खोड गुळगुळीत, अस्वलालाही चढायला अवघड. म्हणून त्याच्या फांद्यांवर मधमाश्यांच्या मोठ्या पोळ्यांच्या रांगा लागतात. त्या माश्या म्हणजे सह्याद्रीच्या कड्यांवरचं आपलं आग्या मोहोळच. तिथेही आरडाओरडा आणि अत्तर नको.

हात खिशात ठेवा असं मी नवख्यांना सांगतो. घसरलं की आपण शेजारचं झुडूप धरतो, आणि इथलं झुडूप बरेचदा वेत असतं. त्याला उलट्या आकड्यांचे काटे असतात. एकदा सदऱ्यात रुतले की पुढे ओढून उपयोग नाही, मागे सरून सोडवावे लागतात.

कपड्यांची गोष्ट थोडक्यात. जीन्स नको, भिजली की दिवसभर वाळत नाही. पातळ, पूर्ण बाह्यांचा सदरा, पातळ पूर्ण पँट. बुटांवर हजारो रुपये घालवण्याची गरज नाही. तिथले रबराच्या बागांतले कामगार काळे, अखंड रबराचे, खाली उंचवटे असलेले बूट घालतात. लोक त्यांना गमतीने 'आदिदास कांपुंग' म्हणतात, म्हणजे गावठी आदिदास. गावच्या कुठल्याही दुकानात अगदी स्वस्तात मिळतात, चिखलात घट्ट धरतात आणि नळाखाली धुऊन होतात. माणशी किमान दोन लिटर पाणी, ओआरएसची पुडी, बदलायला कोरडा सदरा, फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी. कॅमेरा एसी गाडीतून थेट बाहेर काढला की भिंगावर वाफ धरते. उतरण्याआधी वीस मिनिटं तो बॅगेतच ठेवा. डेंग्यूसाठी डासांचं मलम दिवसासुद्धा लावायचं.

जळवांचा धसका अवास्तव आहे. पावसाळ्यात आंबोलीला किंवा कोयनेच्या रानात चाललेल्याला त्यात नवीन काही नाही. घट्ट विणीचे गुडघ्यापर्यंतचे मोजे पँटवरून चढवले की बहुतेक काम होतं. चिकटलीच तर ओढू नका. तोंडाच्या बाजूला नखाने सरकवून टिचकी मारा. मीठ, चुना, तंबाखू, काडीचा चटका हे आपल्याकडचे उपाय टाळा, कारण त्याने जळू पोटातलं जखमेतच ओकते. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो, त्यामुळे डाग घाबरवेल एवढा मोठा होतो. पाण्याने धुवा, दाबून धरा, पट्टी लावा. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी मात्र गाईडला आधीच सांगून ठेवावं.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना महत्त्वाची. मलेशियात भाजी मागितली तरी तिच्यात बलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा लगदा, हमखास असतो. त्यांना तो मांसाहार वाटतच नाही. 'ताक माऊ दागिंग, आयाम, ईकान, उदांग, बलाचान' एवढं वाक्य फोनमध्ये लिहून ठेवा: मटण-बीफ, कोंबडी, मासा, कोळंबी, लगदा काही नको. सर्वांत सुरक्षित म्हणजे शहरातल्या भारतीय उपाहारगृहातून सकाळीच डबा घ्यावा. जंगलात मात्र खाण्याची पिशवी उघडी ठेवू नका. माकडं तुमच्यापेक्षा चपळ आहेत.

एवढं करूनही तामान नगारालाच एका दिवसात जायचं असेल, तर पत्रकातल्या गोष्टी कमी करा. नदीच्या उसळत्या प्रवाहात होडीवर भिजण्याचा खेळ सोडून द्या. तो कुठल्याही नदीवर होतो. पूल उघडा असेल तर पूल आणि बुकित तरेसेक टेकडीची वाट घ्या, किंवा फक्त ताहान नदीतून लाता बर्कोहकडे होडीने जा. दोन्ही करायला वेळ नाही. ३३४ मीटरच्या तरेसेकवर लाकडी पायऱ्या आहेत, त्या घाम काढतात. ज्यांना पायऱ्या नकोत त्यांना होडी बरी, फक्त ती बुटकी असते आणि पाय पसरून जवळजवळ तळावर बसावं लागतं. त्या वाटेवर झाडं दोन्ही काठांवरून पाण्यावर झुकलेली असतात आणि केलाह माशांसाठी राखलेला डोह लागतो. केलाह म्हणजे आपल्या महाशीराचा सख्खा नातलग. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे म्हणून राखलेले मासे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना तो लगेच ओळखू येईल. उद्यानाचा परवाना स्वस्त असतो. कॅमेऱ्याचा वेगळा काढतात. तो तपासायला कोणी आलं नाही तरी काढा.

बातेक आदिवासींच्या वस्तीची भेट बहुतेक टूरमध्ये असते. फुंकनळीतून बाण मारून दाखवतात, वेत घासून आग पेटवतात. जावं की नाही हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. त्यातून त्यांना रोख पैसे मिळतात हे खरं, आणि अर्ध्या तासात वीस कॅमेरे रोखले जातात हेही खरं. गेलात तर वस्तीला किती पैसे जातात ते गाईडला विचारा, विचारल्याशिवाय फोटो काढू नका, मुलांना चॉकलेटं वाटू नका. आणि घरात कोणाला ताप, खोकला, पुरळ असेल तर जाऊच नका. २०१९ मध्ये कलंतानमधल्या क्वाला कोह इथल्या बातेक वस्तीत गोवराची साथ आली आणि माणसं दगावली. आपल्याला किरकोळ वाटणारा आजार तिथे किरकोळ राहत नाही.

महिन्यांचं म्हणाल तर मार्च ते सप्टेंबर बरा काळ, म्हणजे आपली उन्हाळ्याची सुट्टी जमते. दिवाळीच्या सुट्टीत क्वालालंपूरकडे दुपारचा पाऊस जोरात असतो. फ्रिमची सकाळ तरीही निभते. नाताळची सुट्टी तामान नगारासाठी वाईट. नोव्हेंबर ते जानेवारी ईशान्य मोसमी वारे द्वीपकल्पाच्या पूर्व बाजूला झोडपतात आणि नद्या फुगतात. डिसेंबर २०१४ च्या महापुरात क्वाला ताहानचंही मोठं नुकसान झालं. त्या दिवसांत स्वस्त मिळणारी टूर का स्वस्त आहे, हे वेगळं सांगायला नको.

शेवटी परतीचं. पहांगहून शहरात येणारा काराक महामार्ग गेंटिंगच्या घाटातून उतरतो आणि रविवारी संध्याकाळी, सार्वजनिक सुट्टीच्या शेवटी, तिथे गाड्यांची रांग लागते. तीन तासांचे पाच होऊ शकतात. म्हणून तामान नगाराचा दिवस मंगळवार ते गुरुवारमधला घ्या आणि त्या रात्रीचं विमान अजिबात पकडू नका. विमानतळ शहराच्या दक्षिणेला आणखी पाऊण-एक तासावर आहे.